आधी चहा, मग कागद: माजी सैनिकांचं मंडळ कसं उभारावं आणि कसं चालवावं

आमच्या मंडळातले एक हवालदार काका चार वर्षं दर बैठकीला यायचे. इंदूरच्या रामबागेतल्या ज्या ओसरीवर आम्ही बसतो, तिथे खांबाला टेकून बसायची त्यांची जागा ठरलेली. एका पावसाळ्यात ते गेले. पंधरा दिवसांनी काकू कागदांची पिशवी घेऊन आल्या. पिशवीतला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, उघडला आणि मला घाम फुटला. पीपीओवर पत्नीचं नाव एक, आधारवर दुसरंच. लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं. काकांनी फौजेत सासरचं नाव लिहून दिलं होतं आणि आधार निघालं होतं शाळेच्या दाखल्यावरून, माहेरच्या नावानं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध होऊन फॅमिली पेन्शन सुरू व्हायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत काकूंनी हातातल्या दोन्ही पाटल्या मोडल्या.

चार वर्षं आम्ही काकांबरोबर चहा प्यालो होतो. "काका, पीपीओ दाखवा जरा," असं कुणी एकदाही म्हटलं नव्हतं.

मी सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलातून, नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो, लोकमान्यनगरात राहतो आणि नऊ वर्षं या मंडळाचा सचिव आहे. इंदूर असो, देवास असो, ग्वाल्हेर-बडोदा असो, जिथे चार माजी सैनिक जवळपास राहतात आणि आपलंही मंडळ असावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं सांगणं एकच आहे. मंडळ गप्पांसाठी काढा आणि त्या गप्पांतून जमलेल्या विश्वासावर प्रत्येकाची कागदांची पेटी तो हयात असतानाच उघडा. नुसतं कागदांचं ऑफिस थाटलंत तर कुणी फिरकणार नाही. फौजी माणूस आपली अडचण अनोळखी टेबलासमोर सांगत नाही. पहिल्या कपाला तो पलटणीचे किस्से सांगतो, दुसऱ्या कपाला गुडघे, आणि तिसऱ्या बैठकीला कधीतरी हळूच म्हणतो, "साहेब, एक कागद दाखवायचा होता."

इंदुरात याची गरज का पडते

महू इथून तेवीस किलोमीटरवर. इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, एमसीटीई (सिग्नल्सचं कॉलेज), तिन्ही तिथेच. साताऱ्या-सांगलीकडचे कितीतरी जवान महूला कोर्स करायला किंवा शेवटच्या पोस्टिंगवर आले, मुलं इथल्या शाळेत रुळली, हवा मानवली आणि त्यांनी इंदुरात प्लॉट घेतला. तसं इथलं फौजी नातं जुनंच आहे. होळकरांचं सैन्य २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला इंग्रजांशी लढलं. संस्थानाची पायदळ पलटण स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यात सामील झाली, ती कुमाऊं रेजिमेंटची पंधरावी बटालियन; तिच्या नावापुढे कंसात 'इंदूर' आजही लिहितात. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ महूच्या छावणीत होते, म्हणून बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली तिथे झाला.

पण छावणी आणि कॉलनी यांत फार फरक आहे. छावणीत नवरा सीमेवर असला तरी बाईच्या दाराशी रात्री बारालाही कुणीतरी उभं राहतं. कॉलनीत शेजारी चांगले असतात, गणपतीला बोलावतात, पोहे पाठवतात. पण पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं वगैरेंची फौजेतली नोंद) म्हणजे काय हे त्यांना कुठून ठाऊक असणार? शिवाय मराठी जवानाची आणखी एक अडचण असते. त्याचं नाव सातारा नाहीतर रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदलेलं असतं, त्याच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला असतं आणि तो राहतो सुदामानगरला. तिकडचे लोक म्हणतात इकडे या, इकडचे म्हणतात तिकडे जा. अशा माणसाच्या पाठीशी एक मंडळ लागतंच.

आधी माणसं, कमिटी मागाहून

अध्यक्ष कोण, कोषाध्यक्ष कोण, यापासून सुरुवात केलेली मंडळं मी दोन-तीन महिन्यांत बंद पडलेली पाहिली आहेत. पहिले सहा महिने कुणालाच पद देऊ नका. फक्त माणसं शोधा.

ती सापडतात कुठे? कँटीनच्या रांगेत, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्ययोजना) पॉलिक्लिनिकच्या बाकावर आणि बँकेच्या, मॉलच्या, टाउनशिपच्या गेटवर. गेटवरचा गार्ड ज्या पद्धतीनं उभा असतो त्यावरून आपल्याला कळतंच. "कौनसी पलटन, साब?" एवढं विचारलं की पुढचं तो स्वतः सांगतो. इंदुरात रिटायर झालेल्या जवानांपैकी बरेच जण गार्डची नोकरी करतात आणि बारा-बारा तासांची ड्यूटी असल्यामुळे ते कुठल्याच कार्यक्रमात दिसत नाहीत. आम्ही बैठक रविवारी सकाळी साडेनऊला ठेवली ती त्यांच्यासाठीच. रात्रपाळी उतरलेला माणूस घरी जाऊन झोपण्याआधी तासभर येऊ शकतो.

सगळ्यात अवघड म्हणजे वीरपत्नी आणि इतर फौजी विधवांपर्यंत पोचणं. नवरा गेला की त्या रांगेतूनही जातात, बाकावरूनही. त्यांना बायकाच शोधू शकतात. आमच्याकडे दोन वहिनींनी भजनी मंडळातून आणि भिशीतून विचारत विचारत अकरा घरं शोधली. त्यांना बोलवायचं निमित्तही चांगलं सापडलं. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस, आर्म्ड फोर्सेस व्हेटरन्स डे. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले. आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत. आम्ही त्या दिवशी तिळगुळाचा कार्यक्रम करतो आणि पहिला तिळगूळ नवरा गेलेल्या बायकांच्या हातून वाटला जातो. हळदीकुंकवाला ज्यांना पंधरा-पंधरा वर्षं कुणी बोलावलं नव्हतं, त्या पैठणी नेसून आल्या. एका आजींनी मला विचारलं, "मी वाटला तर चालेल ना रे?" चालेल म्हणजे काय! ज्या मंडळात हा प्रश्न विचारावा लागणार नाही, तेच मंडळ आपल्याला हवं आहे.

मराठी माणसांनी सुरू केलं म्हणून मंडळ फक्त मराठी ठेवू नका. आमच्यात भिंडचे आहेत, गढवालचे आहेत, एक पंजाबी सुभेदार मेजर साहेब आहेत. ओसरी मराठी, पोहे इंदुरी, बोली फौजी हिंदी. काही बिघडत नाही.

जागा, वेळ, चहा

जागा तळमजल्यावर हवी, संडास जवळ हवा आणि खुर्च्या हाताच्या हव्यात, कारण बिनहाताच्या खुर्चीतून दुखऱ्या गुडघ्यांना उठता येत नाही. तोफखान्यातल्या माणसांना बहुधा ऐकू कमी येतं. त्यांना मधोमध बसवा आणि जोरात बोला, म्हणजे "हो हो" म्हणत ते गप्प बसून राहणार नाहीत.

वार एकदा ठरला की बदलायचा नाही. आमचा महिन्याचा दुसरा रविवार. रंगपंचमीच्या गेरीला (रंगांच्या मिरवणुकीला) आख्खा राजवाडा चौक बंद असला तरी दुसऱ्या रविवारी ओसरीवर चहा असतोच. कुणाला फोन करून आठवण द्यावी लागू नये, इतकी ती सवय अंगात भिनली पाहिजे.

दीड तास पुरतो. पहिली पंचेचाळीस मिनिटं कार्यक्रमच नको. पोहे, चहा, बोलणं. भाषण नको, पाहुणे नकोत. मग अर्धा तास कागद. शेवटी महिन्यातल्या बातम्या: कुणाला नातू झाला, कोण दवाखान्यात आहे, कुणाच्या पलटणीचा रेझिंग डे (स्थापनादिन) आहे. ४ फेब्रुवारीला मराठा लाइट इन्फन्ट्रीवाले शिवाजी महाराजांचा जयघोष करतात तेव्हा गढवालचे साहेबसुद्धा उभे राहतात. अशा दिवशी आम्ही छोटासा बडा खाना करतो, घरोघरचे डबे आणून.

दारूबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि त्यासाठी मी भांडलोही आहे. बैठकीत रम नको. कँटीनची बाटली प्रत्येकानं आपल्या घरी घ्यावी. ज्या दिवशी ओसरीवर बाटली उघडेल त्या दिवसापासून बायका येणं बंद होईल. पिण्यामुळे ज्याचं घर मोडायला आलं आहे, तोही एकतर यायचा बंद होईल नाहीतर फक्त तेवढ्यासाठीच येईल.

हुद्द्याचं काय करायचं? "साहेब" म्हणायचं ते म्हणतच राहायचं, ते आदरानं तोंडात बसलेलं आहे. पण खुर्च्या गोलात मांडा आणि बोलायची पाळी बसल्या क्रमानं येऊ द्या. आमच्याकडे एक कर्नल साहेब आहेत, ते दर बैठकीला स्वतः कप गोळा करतात. त्यांनी ते सुरू केल्यापासून शिपाई-नायक मंडळी मोकळेपणानं बोलायला लागली.

हजेरीची वही

दोनशे पानी वही, साठ-सत्तर रुपयांची. मंडळाकडे दुसरं काही नसलं तरी ही हवी. प्रत्येकाला एक पान द्या. आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, रेकॉर्ड ऑफिस, रक्तगट, पत्नीचं नाव, औषधाची ॲलर्जी, घराचा पत्ता खुणेसकट आणि एका शेजाऱ्याचा फोन. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला असतो. रात्री दोनला दार ठोठावू शकेल तो शेजारीच.

हजेरी घ्यायची ती जुन्याच पद्धतीनं, नाव पुकारून. हे पोरकट वाटेल, पण आपलं नाव पुकारलं गेल्यावर सत्तरीचा माणूस ज्या आवाजात "हाजिर, साब" म्हणतो तो एकदा ऐका. आणि नियम असा: सलग दोन बैठका जो आला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात दोघांनी जायचं. फोन करायचा नाही, जायचं. फोनवर सगळे "सब ठीक है" म्हणतात. घरी गेल्यावर कळतं की काका तीन आठवडे अंथरुणाला खिळले आहेत, किंवा काकूंना माणसं ओळखू येत नाहीशी झाली आहेत, किंवा दिवाळीच्या फटाक्यांपासून त्यांना झोप नाही. शेवटचं कुणी आपण होऊन सांगत नाही. अशा वेळी उपदेश नको, नुसतं सोबत बसावं आणि पुढच्या वेळी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ नंबरवर आपल्याच फोनवरून लावून द्यावं. तो सरकारी, मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

पेटी उघडणे

आता मुख्य काम. प्रत्येक फौजीच्या घरी पलंगाखाली एक काळी ट्रंक असते, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. कागद तिच्यातच असतात: मेडल, ग्रुप फोटो, स्वेटर आणि सगळ्यात खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक. आम्ही दर बैठकीला दोन घरांच्या पिशव्या मागवतो, दोनपेक्षा जास्त नाही. नवरा-बायको दोघांनीही यायचं, ही अट आहे. कागद बाईनं पाहिलेच नसतील तर पुढे त्या कागदांशी झगडायचं कसं तिनं?

सगळ्यात आधी चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवा: पीपीओ, डिस्चार्ज बुक, दोघांची आधार आणि पॅन कार्डं, बँकेचं पासबुक. मग एकानं पत्नीचं नाव पीपीओवरून मोठ्यानं, अक्षर न् अक्षर वाचायचं आणि दुसऱ्यानं बाकीच्या कागदांवर बोट ठेवून तपासायचं. मग जन्मतारखा. मराठी घरांत नावाचा घोळ तीन तऱ्हांचा असतो. पहिला, लग्नात बदललेलं नाव. समजा माहेरची कुसुम सासरी सुमन झाली. दुसरा, 'बाई' किंवा 'ताई' जोडलेली. पीपीओवर लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी. तिसरा, मधलं नाव. फौजेत नवऱ्याचं लिहिलेलं, शाळेत वडिलांचं.

दुरुस्ती कुठे करायची हे घाईनं ठरवू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे आधी सगळे कागद मोजा. पीपीओशी बाकीचे बहुतेक कागद जुळत असतील तर आधार सुधारा. पण पीपीओच एकटा पडत असेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायला हवा: प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, दोघांचा एकत्र फोटो, आणि हे सगळं शक्यतो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. नवरा हयात असताना या अर्जावर त्याची सही असते आणि काम बरंच सुटसुटीत होतं. तो गेल्यावर बाईला एकटीनं सिद्ध करावं लागतं की ती तीच आहे.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं, हे सांगायला लोक चाचरतात. वहीच्या आतल्या पानावर आम्ही यादीच लिहून ठेवली आहे: सिग्नल्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, मराठ्यांचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, ईएमईचं (यंत्रदुरुस्ती विभागाचं) सिकंदराबादला, कुमाऊंचं रानीखेतला.

नाव जुळलं की मुलांकडे वळा. घरात दिव्यांग मूल असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते काम आधी हातात घ्या. जे मूल अपंगत्वामुळे स्वतः कमवू शकत नाही त्याला आईवडिलांच्या मागे आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते, पण वैद्यकीय दाखला आणि नावाची नोंद आईवडील असतानाच करून घेतलेली बरी. हे विषय लोक चारचौघांत काढत नाहीत. घरी जाऊन विचारा, आवाज खाली ठेवून.

मग 'स्पर्श'. पेन्शन आता प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण खात्याच्या पेन्शन कार्यालयाकडून स्पर्श या ऑनलाइन प्रणालीतून येते. लॉगिन कुणाच्या फोनवर आहे? पुष्कळांचं जावयाच्या नाहीतर सायबर कॅफेवाल्याच्या नंबरवर निघतं. त्याच दिवशी स्वतःचा नंबर टाकायला लावा, आणि पासवर्ड वहीत मात्र कधीही लिहू नका. मंडळानं कुणाचा पासवर्ड ठेवायचा नाही. "स्पर्श अपडेट करतो, ओटीपी सांगा" म्हणणारा फोन चोराचाच, हे दर बैठकीला एकदा म्हणा. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

शेवटी एक कोरा कागद घेऊन त्यावर बाईच्याच हातानं लिहून घ्या: पेन्शन कुठल्या खात्यात येते, मूळ पीपीओ कुठे ठेवला आहे, आर्मी नंबर काय, आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं रिटायरमेंटनंतरचं विम्याचं सर्टिफिकेट आहे का, ईसीएचएस कार्ड दोघांचं वेगवेगळं आहे का. तो कागद ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवा.

हे काम आता आमच्याकडे त्याच काकू करतात. खांबाजवळ बसतात, चष्मा लावतात आणि पीपीओवरचं पत्नीचं नाव एकेक अक्षर वाचतात. कुणी म्हणालं, "अहो काकू, एका अक्षरानं काय होतं," की त्या आपले मोकळे हात पुढे करतात.

नोव्हेंबर

हयातीच्या दाखल्याचा महिना. बहुतेकांची मुदत नोव्हेंबरातच असते. आपली नेमकी तारीख स्पर्शमध्ये दिसते, ती वहीत टिपा. ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

ऑनलाइन जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला, भरताना एक चूक फार होते. पेन्शन देणारी संस्था म्हणून लोक सवयीनं आपल्या बँकेचं नाव निवडतात. पेन्शन स्पर्शमधून येत असेल तर तिथे स्पर्शच निवडायचं आणि पीपीओ नंबरही स्पर्शचा नवा टाकायचा. नाहीतर दाखला "झाला" म्हणून मेसेज येतो आणि दोन महिन्यांनी पेन्शन थांबते.

म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, शेतावर किंवा भांड्यांत झिजलेल्या बोटांचे तर अजिबातच नाही. त्यांच्यासाठी चेहरा दाखवून करायचं ॲप आहे. उजेडाकडे तोंड करून बसवा, मागे मोकळी भिंत ठेवा, पापणी लववायला सांगा. कॉलेजात जाणारी दोन नातवंडं आणि दोन चांगले फोन असले की एका सकाळी तीस दाखले होतात. अंथरुणावरच्यांकडे पोस्टमन घरी येऊन करून देतो, थोडं शुल्क घेतो. नाहीतर नातवंडांनाच पाठवा.

माणूस गेल्यावर

पहिल्या दिवशी मंडळानं जाऊन उभं राहायचं, खांदा द्यायचा, पुष्पचक्र वाहायचं. तिरंग्याबद्दल सांभाळा: ध्वजसंहितेप्रमाणे पार्थिवावर राष्ट्रध्वज फक्त शासकीय, सैनिकी आणि निमलष्करी अंत्यसंस्कारातच घालतात. आपण आपल्या मनानं घालू नये, घरच्यांनी आग्रह धरला तरी. मेडल उशीवर ठेवून पुढे न्या. तेवढ्यानंच सगळ्यांचे डोळे भरतात.

महापालिकेच्या मृत्यूदाखल्यासाठी नाव सांगताना पीपीओ समोर धरा आणि त्यावरचंच नाव सांगा. दहा प्रती काढा. मग तेराव्याची वाट न पाहता स्पर्शला मृत्यू कळवा. इथे मुलांकडून नकळत मोठी चूक होते: एटीएम कार्ड हातात असतं, पुढच्या महिन्याची पेन्शन जमा होते, खर्च असतोच, काढून घेतात. मृत्यूनंतर जमा झालेलं पेन्शन परत द्यावं लागतं आणि ते काकूंच्या फॅमिली पेन्शनमधून कापलं जातं. हे मुलाला बाजूला घेऊन त्याच आठवड्यात सांगा.

फॅमिली पेन्शन किती? साधा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. माणूस लवकर गेला असेल तर आधी सात वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यांतलं जे आधी येईल तितका काळ, ५० टक्के. त्यानंतर ईसीएचएस कार्डाची दुरुस्ती, ग्रुप इन्शुरन्सचा दावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पत्नीच्या नावे ओळखपत्र. प्रत्येक खेपेला मंडळातलं एक माणूस बरोबर हवं, आणि शक्यतो एक वहिनी.

नोंदणी आणि पैसे

थोडक्यात सांगतो. मध्य प्रदेशात मंडळ सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली नोंदतात. किमान सात सभासद लागतात. नोंदणीनंतर दर वर्षी कलम २७ प्रमाणे कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ प्रमाणे तपासलेले हिशेब रजिस्ट्रारकडे द्यायचे असतात. पुष्कळ मंडळं पहिल्याच वर्षानंतर हे विसरतात. गप्पा आणि कागद एवढंच करायचं असेल तर नोंदणीशिवायही चालतं. देणग्या घ्यायच्या असतील, खातं उघडायचं असेल तर मात्र करा.

वर्गणी इतकी ठेवा की गेटवरच्या गार्डला खिसा चाचपावा लागू नये. आमची वर्षाला तीनशे, विधवांना माफ. खात्यावर दोघांच्या सह्या. मंडळाच्या पैशातून उसनं कुणालाही द्यायचं नाही. गरज खरी असेल तर वेगळी वर्गणी काढून द्या, परतफेडीची अपेक्षा न धरता. आणि निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याही पक्षाचा माणूस ओसरीवर फोटो काढायला येऊ देऊ नका, आपल्या ओळखीचा असला तरी.

ज्यांना पेन्शनच नाही असेही माजी सैनिक असतात. पासष्टी ओलांडलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या अशांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं मासिक साहाय्य आहे. ते नोव्हेंबर २०२५ पासून ४,००० चं ८,००० झालं. मुलांच्या व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५००. बारावीला ६० टक्के लागतात. हे अर्ज भरून देणं हे मंडळाचं काम.

वस्तीसाठी

मंडळ फक्त आपल्यापुरतं राहिलं तर सुकतं. आम्ही तीन गोष्टी करतो. भरतीच्या तयारीतल्या मुलांना पहाटे पाच वाजता मैदानावर घेतो. १,६०० मीटर धावणं, बीमवरचे पुलअप हे तर आहेच. पण २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला आहे, त्यामुळे गणित शिकवणारा एक निवृत्त शिक्षकही आम्ही जोडून घेतला. या मुलांकडून पैसे घेत नाही आणि "भरती करून देतो" म्हणणाऱ्या दलालांपासून सावध करतो. दुसरं, ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून चालत आलेला. शाळेत निधी गोळा करायचा डबा घेऊन जाण्याआधी एका मुलीला बोलायला सांगतो, तिनं आदल्या आठवड्यात एखाद्या आजोबांना भेटून काय ऐकलं ते.

तिसरं त्यातूनच निघालं. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्यांचं बोलणं नातवंडं फोनवर रेकॉर्ड करतात. लढाईच विचारायची असं नाही. घरून पत्र किती दिवसांनी यायचं, बर्फात आंघोळ कशी करायचे, पहिल्या पगारातून आईला काय घेतलं. लढाईचं सांगायचं असेल तर ते आपण होऊन सांगतात, आणि सांगताना थांबले तर फोन बंद करून पाणी द्यायचं, एवढं मुलांना शिकवलं आहे.

येणारी नवी पोरं

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीस दाखल झाली. चार वर्षं धरली की त्यातली बरीच पोरं आता घरी यायच्या बेतात आहेत. चोविशीतला मुलगा, पेन्शन नाही, हातात सेवानिधीची एकरकमी रक्कम आणि दारात प्लॉट विकणारे, स्कीम विकणारे. मंडळाच्या घटनेत सभासदत्वासाठी "पेन्शनधारक" असं लिहिलं असेल तर आजच खोडा आणि "सैन्यात सेवा केलेला" असं लिहा. आमच्या वहीत आम्ही शेवटची चाळीस पानं कोरी ठेवली आहेत. त्या मुलांचा कागद वेगळा असेल: सेवानिधीची रक्कम कुठे आहे, नॉमिनी कोण, सर्टिफिकेटवर नाव कसं लिहिलं आहे, नोकरीच्या अर्जावर ते तसंच आहे का. पहिल्या रविवारी त्यांना हे काहीच विचारू नका. पोहे द्या, सुभेदार मेजर साहेबांच्या शेजारी बसवा आणि हजेरीत नाव पुकारा.